फ्लॉरेन्सला मैत्रिणीकडे जायचंय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भागातली माझी एक मैत्रीण चामड्याच्या वस्तूंचं डिझाइन शिकायला इटलीला गेली आणि फ्लॉरेन्सलाच नोकरीला लागली. तिच्याकडे मी राहून आल्यापासून लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी खडेबाजारात भाजी घेतानासुद्धा कुणीतरी थांबवून विचारतंच. कुणाची भाची जर्मनीत आहे, कुणाची वर्गमैत्रीण मिलानला. प्रश्न मात्र तेच. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. दर आणि नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एकदा पाहून घ्या.

एवढं लांब जायचं तर रोम, पॅरिस, स्वित्झर्लंड एकाच फेरीत का करू नये?

करता येतं. टूरवाले बारा दिवसांत सहा देश दाखवतात आणि लोक खूशही असतात. पण तिथं आपलं माणूस असेल तर ही उठाठेव कशाला? मैत्रीण दिवसभर कामावर असते, भेटते ती संध्याकाळी सातनंतर आणि शनिवार-रविवारी. तुम्ही रोज नव्या शहरात बॅगा उघडत बसलात तर तिच्याबरोबर जेवायचं कधी? माझं मत स्पष्ट आहे: मुक्काम एकाच शहरात ठेवा, मधले एखाद-दोन दिवस रेल्वेनं जवळपास जाऊन संध्याकाळी परत या. फ्लॉरेन्सला आठ-दहा दिवस सहज पुरतात आणि तरीही काहीतरी बघायचं राहतंच.

व्हिसा कुठून काढायचा? आम्हाला पुणं जवळ, गोवा तर त्याहून जवळ.

जवळ काय आहे याला इथं अर्थ नाही, तुमचा पत्ता कुठल्या राज्यातला आहे ते बघतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी हे सगळं कर्नाटकात, म्हणून इटलीच्या व्हिसासाठी बंगळूर. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर तासाभरावर आणि बंगळूर एका रात्रीवर आहे, पण इलाज नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या पाच वर्षांत शेंगेन (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या) व्हिसासाठी ठसे दिले असतील तर ते बहुधा पुन्हा घेत नाहीत. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलात की सकाळी पोचता, काम आटोपून त्याच रात्री परत निघता येतं. कोल्हापूर-पुण्याला नोकरी करणाऱ्यांचा पत्त्याचा पुरावा महाराष्ट्रातला असेल तर त्यांचा अर्ज मुंबई विभागात जातो.

हा शेंगेन व्हिसा. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा सेवाखर्च वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबूही शकतो. म्हणून उन्हाळ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल सुरू करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असावा.

आणखी एक. विमान फ्रँकफर्टला उतरतं म्हणून जर्मनीचा व्हिसा काढायचा नसतो. जिथं सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

पासपोर्टवर ‘बेलगाम’, आधारवर ‘बेळगावी’. अडचण येते का?

शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं. त्याआधीच्या कागदांवर जुनं नाव असणारच आणि बंगळूरच्या केंद्रावर ते सगळ्यांना माहीत आहे. गावाच्या नावावरून कुणी अडवत नाही. खरी भानगड माणसाच्या नावाची असते. दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावाचं स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं शेवटी, तर कुठं नुसती अक्षरं. विमानाचं तिकीट, विमा आणि अर्ज या तिन्हींवर पासपोर्टवरचंच स्पेलिंग, एका अक्षराचाही फरक नको. बँकेतलं नाव वेगळं असेल तर अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. पासपोर्टच नसेल तर बेळगावातच पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये.

आमची शेती आहे. पगाराची स्लिप नाही, इन्कमटॅक्सचा कागद नाही. व्हिसा मिळेल?

मिळतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे त्यांनाही ठाऊक असतं, फक्त उत्पन्न कागदावर दिसलं पाहिजे. साखर कारखान्याचं ऊसबिल बँकेत जमा होतं, तेव्हा बँकेच्या स्टेटमेंटवर कारखान्याचं नाव आणि रक्कम आपोआप दिसते. हा सगळ्यात चांगला पुरावा. त्याला जमिनीचा उतारा जोडा. उतारा कन्नडमध्ये असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून लावा. मराठी कागद असेल तरी तेच.

अर्जाच्या आदल्या आठवड्यात मात्र कुणाकडून तरी दोन लाख उसने घेऊन खात्यात टाकू नका. त्यांना ते लगेच दिसतं आणि मग चांगल्या कागदांवरही संशय येतो. गावी परत येण्यासारखं काय काय आहे, म्हणजे घर, शेत, दुकान, मुलांची शाळा, ते एका साध्या पत्रात लिहा.

मैत्रिणीनं तिकडून काय पाठवायचं? आणि घरी राहिलं तर पोलिसांना कळवावं लागतं, हे खरं का?

आमंत्रणपत्राचा इटालियन नमुना ठरलेला आहे, तो भरून सही करून पाठवायचा. सोबत तिच्या पासपोर्टची आणि तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत. तुमचा खर्च ती करणार असेल तर तसे कागद वेगळे लागतात. आपला खर्च आपण दाखवावा, तिच्यावर टाकू नये.

पोलिसांचं खरं आहे, आणि घाबरण्यासारखं त्यात काही नाही. युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा घरी ठेवला तर यजमानानं ४८ तासांच्या आत स्थानिक पोलिसांना लेखी कळवायचं, असा तिथला कायदा आहे. न कळवल्यास दंड यजमानाला होतो, पाहुण्याला नव्हे. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला आठवण करून द्या. शिवाय तुम्ही फ्रँकफर्ट, पॅरिस असं दुसऱ्या शेंगेन देशातून आला असाल तर आठ दिवस संपायच्या आत आपण आल्याचं तिथल्या पोलीस मुख्यालयात, क्वेस्तुरात, स्वतः नोंदवायचं असतं. सरळ रोमला किंवा मिलानला उतरलात तर विमानतळावरची नोंद पुरते. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, तेव्हा रांगेला थोडा जास्त वेळ धरा.

ती भाड्याच्या घरात आणखी दोघींबरोबर राहत असेल तर घरमालकाला आणि त्या दोघींना आधी विचारलंय ना, हेही पाहा. हे पोलिसांपेक्षा महत्त्वाचं आहे, असं मला वाटतं.

बेळगावहून पोचायचं कसं?

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी विमान नाही. मुंबई किंवा बंगळूर गाठा. दोन्हीकडून दोहा, दुबई, अबुधाबी करत रोमला किंवा मिलानला जाता येतं. दिल्लीहून थेट विमानही आहे. फ्लॉरेन्सचा स्वतःचा विमानतळ पेरेतोला, धावपट्टी आखूड, त्यामुळे मोठी विमानं उतरत नाहीत. युरोपात एकदा बदलून तिथं उतरलात तर ट्रामनं वीस मिनिटांत गावात येता. नाहीतर रोमहून वेगवान रेल्वेनं दीड तास, मिलानहून दोन तास. तिकिटावर शहराचं नाव ‘फिरेन्झे’ असतं आणि मुख्य स्टेशन ‘सांता मारिया नोव्हेल्ला’. वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर निम्म्यात पडतात. साध्या पॅसेंजरचं कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते हे सोयीचं. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स तापतं, डोंगरांच्या खोलगट भागात वसल्यामुळे वारा लागत नाही, आणि १५ ऑगस्टच्या आसपास गावातले लोकच गाव सोडून समुद्रावर जातात.

ईस्टरच्या रविवारी जमलं तर जरूर जा. सजवलेले पांढरे बैल उंच लाकडी गाडा ओढत मोठ्या चर्चसमोर आणतात आणि तिथं त्या गाड्यावरच्या दारूकामाला चर्चच्या आतून आलेल्या कबुतराच्या आकाराच्या अग्निबाणानं बत्ती लागते. आमच्याकडच्या बेंदूर बघणाऱ्या डोळ्यांना त्या बैलांच्या शिंगांवरची फुलं फार आवडतील. सजवायला त्यांना अजून आपल्याकडून शिकण्यासारखं आहे, ते सोडा.

कुंदा न्यायचा आहे. तिनं मागितलाय.

नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कुंदा, पेढे, खवा, तूप सगळं त्यात आलं. सापडलं तर टाकून देतात, वर दंडही होऊ शकतो. ताजी फळं, भाज्या, रोपं यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणजे आंब्याची पेटीही नाही. केळी, नारळ, अननस, खजूर यांना सूट आहे, पण नारळ घेऊन इटलीला कोण जातंय.

नेता येतं ते असं: शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, पापड, सांडगे, चिवडा, ज्वारीचं पीठ. सगळं सीलबंद, आणि पिठावर इंग्रजीत नाव लिहिलेलं. आमच्या मैत्रिणीनं कुंद्याचं नाव सोडलं आणि कारळ्याच्या चटणीचा डबा उशाशी ठेवला. निपाणीकरांसाठी वेगळं सांगते: तंबाखू माणशी २५० ग्रॅम किंवा सिगारेट २००, त्याहून जास्त नाही. रोख १०,००० युरो किंवा त्याहून जास्त असेल तर जाहीर करावी लागते, पण तेवढी असेल तर तुम्ही हे वाचत बसला नसता.

तिच्याकडे किती दिवस राहणं बरं दिसतं? खर्च कुणी करायचा?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून विचारतात. खरं म्हणजे तो पहिला असायला हवा.

तिकडची घरं लहान. तिची खोली, एक सोफा, तिघींत एक न्हाणीघर. सकाळी पावणेआठला प्रत्येकीला ते हवं असतं. तुम्ही सुट्टीवर आहात, त्या नाहीत. म्हणून तुमची अंघोळ त्या गेल्यावर. आठवडाभर राहणं ठीक. त्यापुढं जायचं असेल तर मधले दोन दिवस सिएनाला किंवा लुक्काला हॉटेलात राहा. तिलाही तिची खोली परत मिळते, तुम्हालाही मोकळं वाटतं.

खर्चाचं बोलणं इथूनच करून जा. आपल्याकडे पाहुण्यानं पैशाची गोष्ट काढली की यजमान रागावतो आणि मग दोघंही मनातल्या मनात हिशेब करत बसतात. आमचं असं ठरलं होतं: घरातला किराणा माझा, बाहेरचं जेवण आळीपाळीनं, तिकिटं ज्याची त्यानं काढायची. ती ‘राहू दे की गं’ म्हणाली, पण ऐकलं नाही. तिचा पगार युरोत आहे म्हणून ती श्रीमंत आहे असं समजू नका. भाड्यातच तो बराच जातो. आणि तिच्या आईनं तुमच्याबरोबर पाठवलेल्या सामानाला तुमच्या बॅगेतले आठ किलो आधीच राखून ठेवा. आई पाच सांगते, येतं आठ.

रात्री उशिरापर्यंत गप्पा होणारच. पण भिंती पातळ असतात. पहिल्या रात्री सगळे समजून घेतात, तिसऱ्या रात्री नाही.

ती कामावर गेल्यावर मी एकटी काय बघू?

जे तिनं दहादा पाहिलंय ते. प्रत्येक पाहुण्याबरोबर डेव्हिडचा पुतळा बघून बघून तिला कंटाळा आलेला असतो, फक्त ती बोलत नाही. मोठी ठिकाणं तुम्ही एकट्यानं उरकून टाका, शनिवार-रविवार तिच्या आवडीच्या जागांसाठी ठेवा.

मोठ्या चर्चचा घुमट पहिल्या दिवशी. ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी कमानींचा आधार न देता, विटांचा तो घुमट उभा केला. विजापूरचा गोलघुमट पाहिलेला माणूस तिथं जास्त वेळ रेंगाळतो. गोलघुमट १६५६ चा, एका चौकोनी दालनावर गोल बसवलेला, आतून साधारण ३८ मीटर रुंद. फ्लॉरेन्सचा अष्टकोनी, आतून सुमारे ४५ मीटर, आणि एकात एक असे दोन घुमट. त्या दोन घुमटांच्या मधल्या फटीतून जिना वर जातो. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर खालूनच नमस्कार. विटा कशा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रचल्यात, ते चढताना हाताच्या अंतरावर दिसतं. चर्चमध्ये जायला पैसे नाहीत, घुमटावर जायला दिवस आणि वेळ ठरवून तिकीट, जवळपास ३० युरो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पंजाबी ड्रेस उत्तम.

उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, पण त्या दिवशीची रांग पाहून पैसे भरावेसे वाटतात. उफिझीत सगळं बघायचा हट्ट धरला तर तिसऱ्या तासाला सगळ्या मेरी सारख्याच दिसायला लागतात. बोत्तिचेल्ली, लिओनार्दो, काराव्हाज्जो या चित्रकारांची दालनं, आणि बाहेर या.

डेव्हिडबद्दल एवढंच. तो संगमरवराचा ठोकळा आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून टाकून दिलेला होता, कित्येक वर्षं उघड्यावर पडून होता. मायकेलएंजेलोनं १५०१ मध्ये हातात घेतला आणि १५०४ मध्ये पाच मीटरहून उंच पुतळा उभा राहिला. १८७३ मध्ये तो चौकातून अकादेमियात हलवला. चौकात आज उभी आहे ती नक्कल, आणि बरेच लोक तिच्याबरोबरच फोटो काढून समाधानानं घरी येतात. रागावू नका, पण बेळगावच्या किल्ल्यातली बाराव्या-तेराव्या शतकातली कमल बसदी न बघता आयुष्य काढणारे आपण, त्यांना हसायचा अधिकार आपल्याला नाही.

पोन्ते वेक्क्यो पुलावर संध्याकाळी जा, पण तिच्याबरोबर. हा पूल १३४५ चा. त्यावर पूर्वी खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये राजाज्ञेनं ती उठवून सोनारांना दिली, आजही सोनारच आहेत. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं शहरातले बाकीचे पूल उडवले आणि हा तेवढा ठेवला.

कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक, तिथं आहे असं ऐकलंय.

आहे, आणि आपल्या भागातून जाणाऱ्यानं ती बघितल्याशिवाय येऊ नये.

हे राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, किंवा शाहू महाराजांचे पुत्रही नव्हेत. शाहू महाराजांच्या आधीचे. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले आणि १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. व्हिक्टोरिया राणीला भेटले, परतताना युरोप बघत इटलीत आले, आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्सच्या हॉटेलात वारले. वय जेमतेम वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहन करायचं म्हणजे तिथं नवलच, पण नगरपालिकेनं खास परवानगी दिली. गावाबाहेर अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्री, विधिपूर्वक अग्नी दिला.

त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, रंगवलेला. फेटा, दागिने, सगळं रंगात. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्यानं पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. गावातले लोक जागेला ‘इंदियानो’ म्हणतात आणि शेजारी १९७८ मध्ये झालेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात, कोण इंदियानो हे फारसं कुणाला सांगता येत नाही.

जायचं कसं: कास्चिने ही लांबच लांब बाग, स्टेशनच्या बाजूनं शिरलात तर छत्री अगदी पलीकडच्या पश्चिम टोकाला. चालत पाऊण तास धरा, सायकल भाड्यानं घेतली तर छान. तिकीट नाही, रांग नाही. मंगळवारी सकाळी बागेच्या अलीकडच्या भागात मोठा आठवडी बाजार भरतो, तो आधी करून मग पुढं जा. आमची मैत्रीण इतकी वर्षं तिथं राहून छत्रीकडे गेली नव्हती. रविवारी दोघी गेलो. पाण्याची बाटली न्या, टोकाला दुकान नाही.

चामड्याचं काम बघता येतं का? आमचे पाहुणे अथणीचे, चपलांच्या धंद्यातले.

मग हा प्रश्न तुम्ही पहिला विचारायला हवा होता. सांता क्रोचे चर्चच्या मागं, मठाच्या जुन्या खोल्यांत, चामड्याची शाळा आहे: स्कुओला देल कुओयो. युद्धात पोरकी झालेल्या मुलांच्या हाताला काम मिळावं म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी दोन चर्मकार घराण्यांबरोबर १९५० मध्ये ती काढली. आत जायला पैसे लागत नाहीत, कारागीर काम करताना समोर दिसतात. वस्तू महाग आहेत, बघायला हरकत नाही.

अर्नोच्या काठानं पश्चिमेला सांता क्रोचे सुल्लार्नो गावाच्या आसपास चामडं कमावण्याचे कारखाने आहेत. झाडापासून काढलेल्या टॅनिननं, म्हणजे चेस्टनट वगैरेंच्या अर्कानं, कमावलेलं चामडं ही तिथली ख्याती. अथणीत तेच काम बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. सीमाप्रश्नात जे जमलं नाही ते चपलेनं जमवलं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तसल्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला, तो तुम्हाला आठवत असेल. मैत्रिणीसाठी अथणीची एक जोडी नक्की न्या, तिथल्या कारागिरांना दाखवायला. पायतळ उलटून शिलाई किती वेळ बघतात ते बघा.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

नाही. फक्त चार गोष्टी माहीत असाव्यात. ‘रिबोल्लिता’ म्हणजे शिळा पाव, पांढरा राजमा आणि काळसर कोबीची पालेदार भाजी घालून आटवलेलं घट्ट सूप. ‘पाप्पा अल पोमोदोरो’ म्हणजे पाव आणि टोमॅटो. दोन्ही गरिबाघरचं जेवण, पोट भरतं. मांसाचं पाणी घातलंय का ते मात्र विचारा. हरभऱ्याच्या पिठाची ‘चेचिना’ आपल्या धिरड्याच्या जातीतली आहे, मिरची नसते एवढंच. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, कडक शाकाहारी असाल तर ते घालू नका म्हणून सांगा. गाड्यांवर मिळणारं ‘लाम्प्रेदोत्तो’ म्हणजे गायीचं पोट, ज्यांना चालत नाही त्यांनी वासावर जाऊ नये. मांस खाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, साध्या ‘रागू’त गाय आणि डुक्कर दोन्ही असू शकतं.

तिथल्या पावात मीठ नसतं. पहिला घास विचित्र लागतो, शेंगाची चटणी लावली की प्रश्न मिटतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन मंडळींनी घरीच स्वयंपाक करावा हे उत्तम. सांत अम्ब्रोजोची मंडई सकाळी भरते, भाजी ताजी असते. डाळ-तांदूळ स्टेशनजवळच्या दक्षिण आशियाई दुकानांत मिळतात. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटल्या विकत घेऊ नका. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, बसलात की दर वाढतो.

इटालियन येत नाही.

आपण भाजीवालीशी कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी, घरात मराठी आणि गोव्याच्या पाहुण्यांशी मोडकी कोंकणी बोलणारी माणसं. चार शब्दांना काय घाबरायचं? दुकानात शिरताना ‘बॉनजोर्नो’, निघताना ‘ग्रात्सिए’, कुणाच्या घरात पाऊल टाकताना ‘पेरमेस्सो’. एवढ्यानंच समोरचा माणूस नरम होतो. बाकी फोन आहे.

बाई माणूस एकटी फिरू शकते?

फिरू शकते. भीती आहे ती पाकीटमारांची: स्टेशन, ट्राम, पुलावरची गर्दी. पर्स पुढं, पासपोर्ट घरी, त्याची प्रत जवळ. रस्त्यावर पसरलेल्या नकली ब्रँडच्या बॅगा विकत घेऊ नका, तिथं घेणाऱ्यालाही दंड होतो. अडचण आली तर ११२. गाडी भाड्यानं घेऊ नका, जुन्या गावात परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी बेळगावच्या पत्त्यावर येतं.

जवळपास कुठं जाता येईल?

पिसा रेल्वेनं तासाभरावर. मनोरा बघायला अर्धा दिवस पुरतो, उरलेला अर्धा दिवस लुक्काला द्या, तिथल्या तटबंदीवरून चार किलोमीटरची फेरी मारता येते. सिएनाला रेल्वेपेक्षा बस बरी, गावाच्या वरच उतरवते. फिएसोलेला शहर बसनंच जाता येतं. संध्याकाळी तिथून सगळं फ्लॉरेन्स खाली दिसतं, आणि मैत्रीण ऑफिसातून थेट तिथं येऊ शकते.

तिच्या घरात काही वेगळे नियम?

गॅस आणि वीज महाग, गरम पाण्याची टाकी मर्यादित. कपडे यंत्रात रात्री किंवा सुट्टीला लावतात. कचरा पाच प्रकारांत वेगळा करायचा, तिला विचारून. फोडणी देताना खिडकी उघडा, नाहीतर धुराची घंटा वाजते. एका बाबतीत मात्र निश्चिंत राहा: संडासात पाण्याची सोय असते. इटलीत १९७५ पासून घरात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं बसकं भांडं, असणं कायद्यानंच सक्तीचं आहे. बाकी युरोपात फिरून आलेल्या पाहुण्यांना याचं मोल विचारा.

येताना काय आणावं?

एका दुकानात एका वेळी ७० युरोंहून जास्त खरेदी केलीत तर करपरतीचा फॉर्म मागून घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो. युरोप सोडताना शेवटच्या विमानतळावर, बॅग चेक-इन करण्याआधी, तो मंजूर करून घ्यायचा. वस्तू दाखवा म्हणतात, म्हणून वर ठेवा. चामड्याचा पट्टा किंवा पाकीट, सुकवलेले पोर्चिनी मशरूम, ऑलिव्हचं तेल चेक-इन बॅगेत. चीज आणू नका, प्रवासात घाम फुटतो त्याला. आणि तिच्या आईसाठी ती जे काही देईल ते दुसऱ्याच दिवशी पोचवा, फोन तुमच्या आधी पोचलेला असतो.